एकदाच मागितलेली संमती

दानू, तुला मातीत ठेवून अजून महिनासुद्धा झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू असतास तर म्हणाला असतास, अक्का, आधी चहा टाक, मग भांड. चहा टाकलाय. बाबा आत पडलेत, झोपलेत की नुसते डोळे मिटलेत ते कळत नाही. मिलचा भोंगा आत्ताच होऊन गेला आणि सवयीनं मी दाराकडं बघितलं. मोठी बहीण म्हणून तुझ्यावर डाफरायचा हक्क मला होता आणि तो मी भरपूर वापरला. पण ज्यावर खरं डाफरायला हवं होतं ते राहूनच गेलं.

आपल्या घरावर अजून पत्राच आहे. उन्हाळ्यात खाली बसवत नाही, तरी बसतोय. बाबा उभी हयात कुंभारीकडच्या खेड्यांतून सायकलवर येशूची सुवार्ता सांगत फिरले. चर्चच्या मंडळीतल्या एका गवंड्यानं आपण होऊन स्लॅब टाकून देतो म्हटलं, तर त्याला म्हणाले, "प्रभू आज येतुया का उद्या, आन् मी शिमिट कालवत बसू?" परसात आंबा लावायचा म्हटलं की तेच. आंब्याला फळ धरायला किती वर्षं लागतात आणि प्रभूला किती, याचा विचार करून बाबा पपई लावायचे. आपण दोघं तोंडात पदर आणि शर्टाची बाही कोंबून हसायचो. आई गेली तेव्हा तू रांगत होतास; तुला हसायला मीच शिकवलं.

तुझं नाव बाबांनी हौसेनं दानियेल ठेवलं. ज्या संदेष्ट्यानं शेवटच्या दिवसांचं गणित घातलं त्याचं नाव. ते गणित तू उलटं त्यांच्याच पुढ्यात मांडशील हे त्यांना तेव्हा कुठं ठाऊक होतं?

मिलमध्ये फिटर झालास आणि पाळी सुटली की स्टेशनजवळच्या इराण्याच्या हॉटेलात चहाला बसायला लागलास. हॉटेलवाला बहाई धर्माचा होता. तो बिचारा कुणाच्या मागं लागणारा नव्हता, तूच त्याला खोदून खोदून विचारायचास. आणि एका संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायच्या आत म्हणालास, "अक्का, तो येऊन गेला." मी भाकरी थापत होते. कोण, दूधवाला का, म्हणून विचारलं. "बाबा ज्याची वाट बघत्यात, तो."

मग तू सांगत बसलास आणि माझी भाकरी करपली. ख्रिस्ताचं परत येणं म्हणजे तोच देह ढगांतून उतरणं नव्हे, तोच आत्मा दुसऱ्या माणसाच्या तोंडून पुन्हा बोलणं. तो मागच्या शतकात इराणात बोलला, आणि त्यापायी त्याचं आयुष्य तुरुंगात आणि हद्दपारीत गेलं. सूर्य काळवंडेल, तारे गळतील हे आभाळाचं वर्णन नाही. धर्माचा उजेड मंदावतो आणि धर्म सांगणारे घसरतात, त्याचं आहे. जगाचा शेवट म्हणजे एका युगाचा शेवट. मी म्हटलं, मग आता स्लॅब टाकायला हरकत नाही. तू हसलास, पण गंभीरपणे म्हणालास की अगदी तेच, वाट बघायचं संपलं, आता बांधायचं. मला त्यातलं निम्मंच पटलं. पण तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आपल्या मंडळीत फार वेळा पाहिलेलं नव्हतं, हे आज कबूल करायला काय जातंय.

ते दुष्काळाचे दिवस होते. खडी फोडायच्या कामावरची माणसं बाबांना विचारायची, मास्तर, हाच शेवट का? बाबा म्हणायचे, व्हय, तयार ऱ्हावा. आणि तू रविवारी मिलमधली चार पोरं घेऊन कुंभारीच्या विहिरीतला गाळ काढत होतास. उपासनेला जाताना बाबांनी तुला तिथं चिखलात पाहिलं. सायकल न थांबवता पुढं गेले. संध्याकाळी तू होऊन विषय काढलास, शास्त्र उघडून, बोटानं ओळ दाखवत. बाबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "परत्येक डोळा त्याला बघंल असं हाय. मला दोन डोळं हायत. मी काय बघितला न्हाय."

इथं थांबला असतास तर सगळे हसलो असतो. पण तू म्हणालास, "पयल्यांदा आला तवाबी वाट बघणाऱ्यांनीच वळखलं न्हाई, बाबा."

जन्मभर वाट बघणाऱ्या माणसाला तू हे म्हणालास. बाबा उठले, सायकल काढली आणि कुठलीही प्रार्थनासभा नसताना निघून गेले. तुझ्या बोलण्यात खोट नव्हती, दानू. पण खरं बोलण्यापूर्वी समोरच्याच्या पायात चपला आहेत का बघावं लागतं. ते तुला कधी जमलं नाही आणि मलाही नाही, आपण बाबांचीच पोरं.

रीतसर बहाई झालास तेव्हा मला जगाच्या शेवटाचं काही वाटलं नाही. तो काय, बाबांच्या तोंडून लहानपणापासून रोजच होत होता. मला खटकले ते तुझे नियम. दारू तू घेत नव्हतासच. पण भर मार्चात उजाडल्यापासून मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. कष्टाचं काम करणाऱ्याला सूट आहे हे तूच सांगितलंस, आणि फिटरचं काम काही एवढं कष्टाचं नाही असंही तूच ठरवलंस. मी म्हणायचे, प्रभूनं नियमशास्त्राचं ओझं खांद्यावरून उतरवलं आणि तू शोधून शोधून दुसरं उचललंस. कृपेनं मोकळं केलेला माणूस परत कशाला बांधून घेतो? तू म्हणायचास, सुटका मिळावी म्हणून नाही पाळत, प्रेम आहे म्हणून पाळतो. तुझ्या आवडत्या माणसानं सांगितलेलं तू मोजून पाळतेस का, असं विचारायचास. वर टोमणा, "मग रविवारी शिलाई मशिनीवर का बसत न्हाईस गं?"  मी म्हणायचे, ती सवय आहे.

सगळ्यांत जाच झाला तो निंदेच्या नियमाचा. पाठीमागं कुणाचं वाईट बोलायचं नाही. अरे, आपल्या दोघांची संध्याकाळ त्याच्यावर तर चालायची. पाळकांच्या प्रवचनाला कोण घोरलं, कुणाच्या लग्नात रस्सा पातळ होता, कोण नवं लुगडं नेसून मुद्दाम पुढच्या बाकावर बसलं. मी सुरुवात केली की तू हसून गप्प. पहिले काही दिवस वाटलं, माझा भाऊ गेला आणि घरात कुणी साधू राहायला आला. तेव्हा मी ते थट्टेवारी नेलं. आता कळतंय की आपल्या घराचं टपाल तूच बंद केलंस. आपल्याकडं बापाला काही सांगायचं असेल तर बापाला सांगत नाहीत. बहिणीजवळ बापाबद्दल कुरकुर करतात, बहीण ती भाकरीबरोबर बापाला वाढते. तू बाबांबद्दल पुन्हा कधी कुरकुर केलीच नाहीस.

शकुंतलाचं मला तू सांगितलंस ते पत्र्याखाली घाम पुसत. मोहोळची, बालवाडीत शिकवणारी, शेतकऱ्याच्या घरची. तुमच्या बैठकांना यायची. तू तिच्याबद्दल एवढंच म्हणालास की ती प्रश्न फार विचारते. मी ओळखलं. चाळिशीला टेकलेला भाऊ एकदाचा मार्गी लागणार म्हणून मला इतका आनंद झाला की मी नियमांची थट्टासुद्धा विसरले. आणि तू लगेच नियमच काढलास. नवरा-नवरीनं एकमेकांना पसंत करायचं, आणि मग दोन्हीकडच्या जिवंत असलेल्या सगळ्या आईबापांची संमती घ्यायची. वय कितीही असो, आईबापाचा धर्म कुठलाही असो. त्यांनी हो म्हटलं तर लग्न. नाही म्हटलं तर नाही, आणि कारण विचारायचं नाही.

तिचे वडील नव्हते. आईनं आधी आकांत केला आणि मग हो म्हटलं. राहिले बाबा.

तू आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाबांसमोर बसलास. एकदाच विचारलंस, स्वच्छ शब्दांत. बाबा म्हणाले, "मंडळीत परत ये. मग बघू." तू मान हलवलीस, बरं म्हणालास आणि उठलास. माझ्या हातात गुळाचा खडा होता, तोंड गोड करायला आणलेला. तो मी तसाच डब्यात टाकला.

दानू, बाबांचं पहिलं 'नाही' म्हणजे काय असतं, हे तुला ठाऊक नव्हतं का? चहाला नको म्हणतात, पुन्हा नको म्हणतात, आणि मग बशी पुढं करतात. मला मास्तरकीच्या ट्रेनिंगला पाठवायला ते दोनदा नाही म्हणाले आणि तिसऱ्यांदा स्वतःच ट्रंक बांधायला बसले. आपल्याकडं लग्नात मामा रुसतो, आत्या रुसते, सगळ्यांना ठाऊक असतं की समजूत काढायची आहे, आणि काढणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही. मोठ्या माणसाचा मान तिथंच तर असतो. मी तुला त्याच आठवड्यात म्हटलं, परत विचार. तू काय म्हणालास ते मला शब्दाशब्दासकट आठवतंय.

"चहाचं 'न्हाई' आन् हे 'न्हाई' मी सारखं कसं धरू, अक्का? नियम त्यांना मोकळं ठेवायला हाय. दुसऱ्यांदा विचारलं की तो दबाव झाला. वढून काढलेली संमती, संमती न्हवं."

आणि मी काय केलं? मी तुझ्याशी शास्त्रावर भांडले. म्हटलं, बघ, नियम माणसाला कसा मारतो ते. म्हटलं, रजिस्टर लग्न कर, सरकारला तुझ्या बापाची सही लागत नाही. म्हटलं, प्रभूला शब्बाथाच्या नियमापेक्षा माणूस प्यारा होता. तू प्रत्येक वेळी शांतपणे ऐकलंस. म्हणालास की आईबापाच्या मनात काटा ठेवून उभं केलेलं घर म्हणजे नवं जग नव्हे, तेच जुनं. मला तेव्हा ते पुस्तकी वाटलं. आज अर्ध्या दुपारी भांडी घासताना ते मला खरं वाटतं, आणि मग तुझा आणखी राग येतो.

बाबांनाही एकदा बोलले मी. म्हणाले, "ते तुज्या तोंडचं नगं. ज्याला लगीन करायचंय त्यानं बोलावं." मला वाटलं दार लागलं. मला त्या वाक्याचं हे एकच टोक दिसलं. बापाचा स्वभाव माझ्याइतका कुणाला ठाऊक नाही असं मिरवणारी मी, तीच चुकले.

त्यानंतर वर्षं गेली. तू घरखर्चाला कमी पडला नाहीस, बाबांच्या सायकलचं ऑइलिंग चुकवलं नाहीस, मोहोळला बैठकीला जात राहिलास. ती तिथं समोर बसायची, तू इथून जाऊन समोर बसायचास. तिच्या आईनं तिला दुसरी स्थळं आणली, तिनं नाही म्हटलं. मी तुला विचारायचे, काय बोलता रे तुम्ही? तू म्हणायचास, मुलांच्या वर्गाचं. आणि मी पत्र्याकडं बघून म्हणायचे की माझा बाप प्रभूची वाट बघतोय आणि माझा भाऊ बापाची. तू हसायचास, त्यात कुरकुर नसायची. थोडी असती तर मी ती बाबांना वाढली असती.

मग कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले आणि औषधाला दाद मिळेना. बाबा रोज दवाखान्यात यायचे, उसाचा रस घेऊन, फडक्यात भांडं गुंडाळून. तुझ्या उशाशी स्टुलावर बसायचे. तुम्ही दोघं कुंभारीच्या विहिरीला पाणी किती आहे यावर बोलायचात. कोणाची म्हैस व्याली यावर बोलायचात. मध्येच दोघंही थांबायचात, एकमेकांकडं बघायचात, जसं काही पुढचं वाक्य समोरच्याकडं आहे. मी मोसंबी सोलत होते. मला वाटलं बाप-लेक किती दिवसांनी असे शांत बसलेत, बसू दे.

तुला पुरलं तेव्हा तुमच्या रीतीप्रमाणं एकानंच प्रार्थना म्हटली आणि बाकीचे नुसते उभे राहिले. तीच तीच ओळ पुन्हा पुन्हा, इराण्याच्या जाड आवाजात. बाबांनी शेकडो माणसांना माती दिली असेल, पण कबरीपाशी गप्प उभे राहिलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला भीती होती की ते मध्येच येशूच्या नावानं सुरू करतील. नाही केलं. शकुंतला बायकांच्या मागं उभी होती. तिला कुणी पुढं बोलावलं नाही. बोलावणार कोण आणि काय म्हणून? मी तिला ओळखलं आणि माझेही पाय हलले नाहीत.

चार-पाच दिवसांनी बाबांनी ताट सरकवलं. मी विचारलं मीठ कमी आहे का. म्हणाले, "दवाखान्यात रोज वाटायचं, आज इचारंल. मी हो म्हनाय बसलोच हुतो. त्यानं परत इचारलंच न्हाय."

मी काय बोलले असेन सांग. मी म्हटलं, तुम्ही मंडळीत ये म्हणाला होतात. बाबा म्हणाले, "ते म्हनायचं असतंय. सुवार्तिक हाय मी. पोरगं बहाई झालं आन् बाप पयल्या झटक्यात हो म्हनला, तर उद्या वेशीत उभं राहून काय सांगू लोकास्नी?" मग म्हणाले, "आन् ते इतकं शानं पोरगं, त्याला येवडं कळू न्हाई?"

कळत होतं, दानू. तुला कळत होतं आणि तरी तू बाबांचा शब्द बाबांच्याहून जास्त जपलास. त्यांनी रीत म्हणून म्हटलेलं 'नाही' तू खरं धरलंस, कारण तुझ्या धर्मात ते 'नाही' खरं असायला हवं होतं. बाबांना मान हवा होता, तो तू त्यांना त्यांच्या मापापेक्षा मोठा दिलास. यावर मी तुझ्याशी किती भांडले असते! तुझ्या नियमात खोट नव्हती, बाबांच्या रीतीत दुष्टावा नव्हता. मी दोन्हींच्या मधोमध राहत होते, दोघांना भाकरी वाढत होते, आणि नियम मोठा की कृपा मोठी यावर वाद घालत होते. तुला वाढवलं मी, आणि तू ज्यासाठी थांबलायस ते याच घरात तयार पडलंय हे मला दिसलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तुझे आभारही मानायचे होते. तुझ्यामुळं माझं चार बायकांच्या मागं बोलणं कमी झालं. आजकाल शाळेत कुणी कुणाबद्दल सुरू केलं की मी पाणी प्यायला उठते. हे तुला सांगितलं असतं तर तू किती चिडवलं असतंस.

दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, मोहोळला जायचं. मी म्हटलं आता कशाला? ते धोतर बदलून एसटीसाठी निघालेच. वाटेत त्यांनी शास्त्र उघडलं नाही की एका माणसाला सुवार्ता सांगितली नाही, खिडकीतून बघत राहिले.

शकुंतलानं आम्हाला ओसरीवर बसवलं. तिची आई पाणी ठेवून आत गेली. बाबांनी तांब्याला हात लावला नाही. म्हणाले, "बाई, दानूनं मला तुमच्याबद्दल इचारलं हुतं. मी हो म्हनाय आलोय."

तिनं तांब्या त्यांच्या आणखी जवळ सरकवला. मग तिनं विचारलं, "कधी ठरवलं तुमी, बाबा?"

आज ठरवलं, काल ठरवलं, काहीही म्हणता आलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हणा. पण जन्मभर खरं सांगत फिरलेला माणूस.

"त्यानं इचारलं त्याच दिशी."

शकुंतलानं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं हुतं, बाबा न्हाई म्हणाले, तो त्यांचा हक्क हाय, त्यांच्याबद्दल मनात काई ठिवू नको. मी न्हाई ठिवलं. येवडी वर्सं न्हाई ठिवलं. ते 'न्हाई' खरं हुतं म्हणून मनात न्हाई ठिवलं."

बाबांनी हात जोडले. तिनं माफ करावं म्हणून विचारलं, साध्या शब्दांत, जसं तू त्यांना विचारलं होतंस.

ती म्हणाली, "न्हाई, बाबा."

मी त्यांचा दंड धरला, उठवायला. परतीच्या एसटीची वेळ होत आली होती, आणि मला त्या पोरीचं तोंड बघवत नव्हतं. तिचं 'नाही' कसलं होतं ते मला ओळखता आलं नाही. तुला आलं असतं का, तेही मी सांगू शकत नाही. पण बाबा उठले नाहीत. त्यांनी माझा हात बाजूला केला, थोडे पुढं सरकून बसले आणि तिला परत विचारलं.